वय, पाढे आणि हातचा

वडीलधाऱ्यांच्या हिशेबाबद्दल आपल्याकडे दोन विधाने हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, ‘जुनी माणसे हिशेबाला पक्की, त्यांना ना कागद लागतो, ना कॅलक्युलेटर.’ आणि दुसरे, ‘आता त्यांचे वय झाले, पैशाचे व्यवहार त्यांच्याकडे नकोत.’ गंमत अशी की ही दोन्ही विधाने पुष्कळदा एकाच घरात आणि एकाच माणसाबद्दल केली जातात. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतील काय?

प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. दुसऱ्या विधानाच्या आधारावर घरोघरी निर्णय घेतले जातात. दुकानात सुटे पैसे मोजायला चार क्षण अधिक लागले म्हणून आजोबांचे पासबुक काढून घेतले जाते. उलट कधी खरोखरच आजाराची सुरुवात झालेली असते आणि ‘वय झाले की असे व्हायचेच’ म्हणून घरातले स्वस्थ बसतात. पहिले विधान तर आपल्यासारख्या शिक्षकांच्या रोजच्या ऐकण्यातले आहे, कारण त्याच्या पाठोपाठ ‘हल्लीच्या मुलांना पाढेसुद्धा येत नाहीत’ हे वाक्य येते. तेव्हा वाढत्या वयाचा तोंडी हिशेबावर नेमका कोणता परिणाम होतो आणि कोणता होत नाही, हे जरा बारकाईने पाहणे उपयोगाचे ठरेल.

कोठार आणि पाटी

४७ आणि ३८ यांची बेरीज मनातल्या मनात करून पाहा. बहुतेक जण शाळेतल्या पद्धतीने जातील: सात आणि आठ पंधरा, पाच ठेवले, हातचा एक, चार आणि तीन सात, हातचा धरून आठ, उत्तर पंच्याऐंशी. कोणी ४७ मध्ये आधी ३० मिळवून ७७ करतील आणि मग ८ मिळवतील. कोणी ५० आणि ३८ मिळून ८८, त्यातून ३ वजा, असेही करतील. मार्ग कोणताही असो, त्यात दोन अगदी वेगळ्या प्रकारची कामे मिसळलेली असतात.

पहिले काम आठवण्याचे. सात आणि आठ पंधरा हे आपण दर वेळी मोजून काढत नाही. ते कोठारातून काढल्यासारखे आयते मिळते. हे कोठार म्हणजे दीर्घकालीन स्मृती. पाढे, दहाच्या आतल्या बेरजा, पंचविसाच्या चार पटी शंभर, असा सगळा माल तेथे वर्षानुवर्षे पडून असतो.

दुसरे काम धरून ठेवण्याचे. एकंस्थानी पाच आले, हातचा एक आहे, दशकांची बेरीज अजून व्हायची आहे, आणि मूळ संख्या ४७ व ३८ होत्या, हे सगळे काही सेकंदांपुरते लक्षात असावे लागते. काम संपले की ते विसरायचेही असते. या अल्पकाळच्या, कामापुरत्या स्मृतीला मानसशास्त्रज्ञ कार्यकारी स्मृती म्हणतात. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ साली या स्मृतीची जी मांडणी केली, ती पुढे या विषयातल्या संशोधनाचा पाया ठरली. आपण सोयीसाठी तिला मनातली पाटी म्हणू. पाटी लहान असते, तिच्यावर थोडेच आकडे मावतात आणि लिहिलेले भराभर पुसले जाते.

हिच यांनी पुढे १९७८ मध्ये तोंडी बेरजांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत असे दिसले की मधले उत्तर जितका वेळ मनात धरून ठेवावे लागते, तितकी ते चुकण्याची शक्यता वाढते. एकंस्थानचा आकडा काढल्याबरोबर लिहून टाकता आला तर चुका कमी होतात. शतकापासून उत्तर लिहायचे ठरवले तर तोवर सांभाळून ठेवलेला एकंस्थानचा आकडा निसटतो. वर्गात तोंडी गणित घेताना मुलांच्या बाबतीत आपण हे पाहिलेलेच आहे. बेरीज येत असते, हातचा निसटतो.

वय वाढल्यावर काय होते, हा प्रश्न म्हणजे खरे तर दोन प्रश्न आहेत. कोठाराचे काय होते? आणि पाटीचे काय होते?

कोठार टिकते

अमेरिकेत १९९० च्या आसपास डेव्हिड गिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठी ओलांडलेल्या निरोगी व्यक्तींना आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना साध्या बेरजा-वजाबाक्या घातल्या. प्रत्येक उदाहरणाला किती वेळ लागला हे तर त्यांनी मोजलेच, पण उत्तर कसे काढले हेही विचारले. ज्येष्ठ मंडळी तरुणांपेक्षा अधिक वेळा थेट आठवून उत्तर देत होती. तरुणांपैकी अनेकांचे मात्र अजून मनातल्या मनात मोजणे किंवा संख्या फोडणे चालू होते.

वेळाचा हिशेबही बोलका होता. ज्येष्ठांना संख्या पाहून ती ओळखायला आणि उत्तर उच्चारायला अधिक वेळ लागत होता. मधल्या पायरीत, म्हणजे कोठारातून उत्तर काढण्याच्या गतीत, तरुणांशी तुलना करता लक्षणीय फरक आढळला नाही. पी. ॲलन, मार्क ॲशक्राफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९२ मध्ये गुणाकाराबाबत असाच निष्कर्ष काढला. म्हणजे ‘सात आठे किती?’ या प्रश्नाला आजी एखादा क्षण उशिरा उत्तर देत असतील तर तो क्षण बहुधा ऐकण्यात आणि बोलण्यात गेलेला असतो, पाढा शोधण्यात नव्हे.

पाढे म्हणजे एका अर्थाने भाषेचाच भाग. वयाबरोबर शब्दसंपत्ती सहसा कमी होत नाही, साठीपर्यंत ती वाढतही असते. लहानपणी पुन:पुन्हा घोकलेले पाढे या शब्दसंपत्तीसारखेच टिकतात, हे चमत्कारिक वाटायला नको.

पाटी मात्र आक्रसते

पाटीचे तसे नाही. कार्यकारी स्मृती वयाबरोबर कमी होत जाते, आणि ही घट सत्तरीला अचानक येत नाही. तिची सुरुवात पुष्कळ आधी, प्रौढपणातच होते. मेंदूच्या पुढच्या भागाचा, कपाळामागच्या भागाचा, या कामात मोठा वाटा असतो. आणि नेमक्या याच भागात वयाचे परिणाम तुलनेने आधी व अधिक दिसतात. मेंदूच्या वेगवेगळ्या भागांना जोडणाऱ्या तंतूंवरचे वेष्टनही झिजते, त्यामुळे संदेश जाण्याचा वेग मंदावतो.

वेग मंदावणे ही गोष्ट वाटते तेवढी साधी नाही. टिमोथी सॉल्टहाउस या मानसशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये तिचे एक सोपे स्पष्टीकरण दिले. एखादे काम अनेक पायऱ्यांचे असेल आणि प्रत्येक पायरीला थोडा अधिक वेळ लागत असेल, तर शेवटच्या पायरीपर्यंत पोचेतो पहिल्या पायरीचे उत्तर पाटीवरून पुसलेले असते. म्हणजे मंद वेगाचा परिणाम केवळ उशीर होण्यात दिसत नाही, तो चुकण्यातही दिसतो. ६८ ला ७ ने गुणताना ‘सात आठे छप्पन्न, सहा ठेवले, हातचे पाच’ इथपर्यंत ठीक असते. मग ‘सात सक बेचाळीस’ म्हणेतो हातचे किती होते ते आठवत नाही.

ही विभागणी खरी आहे की नाही, हे पाहण्यासाठी कॅनडातल्या जेमी कॅम्बेल आणि नील चारनेस यांनी केलेला प्रयोग आम्हांला विशेष आवडतो. त्यांनी विशी-तिशीतल्या, मध्यमवयीन आणि साठीच्या पुढच्या व्यक्तींना दोन अंकी संख्यांचे वर्ग मनात काढायला शिकवले. कागद नाही, पेन्सिल नाही. असा वर्ग काढण्याची एक रीत आपल्याला ठाऊक आहे. ४७ चा वर्ग हवा असेल तर ४७ मध्ये ३ मिळवून ५०, ३ वजा करून ४४. ५० गुणिले ४४ म्हणजे २२००. त्यात ३ चा वर्ग ९ मिळवला की २२०९. समजायला सोपी, पण करताना पाटी भरून जाते: मूळ संख्या, किती मिळवले, मधला गुणाकार आणि शेवटी मिळवायचे ९.

अनेक बैठकांच्या सरावानंतर सर्वच गटांचा वेळ पुष्कळ कमी झाला. साठीनंतर नवी रीत शिकता येत नाही, हा समज येथे टिकला नाही. पण १९९० मध्ये प्रसिद्ध झालेले चुकांचे विश्लेषण अधिक महत्त्वाचे आहे. गुणाकार किंवा बेरीज चुकणे, म्हणजे आकडेमोडीच्या चुका, सरावाने कमी झाल्या. टिकून राहिल्या त्या दुसऱ्या प्रकारच्या चुका: एखादी पायरी गाळणे, मधले उत्तर हरवणे, एका संख्येच्या जागी दुसरी वापरणे. वयाचा फरक मुख्यतः या चुकांत दिसत होता. आकडेमोड येत होती, आकड्यांची राखण होत नव्हती.

पाटीवरची जागा आणखीही काही गोष्टी अडवतात. ऐकू कमी येऊ लागले की शब्द ओळखण्यातच लक्ष खर्ची पडते. मराठीत तर ‘त्रेसष्ट’ आणि ‘त्रेपन्न’ किंवा ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ नीट ऐकू आले नाहीत तर गणित सुरू होण्याआधीच चुकते. घाबरण्याचेही तसेच. मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्ये दाखवून दिले की गणिताची धास्ती कार्यकारी स्मृतीची जागा खाते. हे प्रयोग विद्यार्थ्यांवरचे होते, पण मागे रांग खोळंबली आहे आणि नातू ‘आजोबा, लवकर’ म्हणतो आहे, अशा वेळी सुटे पैसे मोजणाऱ्या माणसाची स्थिती फार निराळी असणार नाही.

भाषेची अडचण तर हल्ली रोजची झाली आहे. एलिझाबेथ स्पेल्की आणि सान्ना त्सिव्किन यांनी, तेही २००१ मध्येच, रशियन आणि इंग्रजी या दोन्ही भाषा जाणणाऱ्या लोकांना एका भाषेत नव्या बेरजा शिकवल्या आणि मग दुसऱ्या भाषेत विचारल्या. नेमके उत्तर द्यायला दुसऱ्या भाषेत अधिक वेळ लागला. अदमासे उत्तर देण्यात असा फरक पडला नाही. नेमके हिशेब ज्या भाषेत पाठ झाले त्या भाषेला चिकटून असतात. दुकानातला मुलगा ‘थ्री सिक्स्टी फाइव्ह’ म्हणतो तेव्हा आजी आधी त्याचे ‘तीनशे पासष्ट’ करतात आणि मग पाचशेतून वजा करतात. कोणाला ते संथपणाचे लक्षण वाटेल; त्या मात्र एक पायरी जास्तीची करत असतात.

वय की पिढी?

आता पहिल्या विधानाकडे वळू. जुनी माणसे हिशेबाला पक्की, हे खरे असेल तर ते वयामुळे की पिढीमुळे? आज सत्तर वर्षांचा असलेला माणूस आणि वीस वर्षांचा तरुण यांच्यात पन्नास वर्षांच्या वयाचा फरक आहे, तसाच शाळेचाही आहे. दोघांची एका दिवशी परीक्षा घेतली तर हे दोन फरक वेगळे करता येत नाहीत.

अमेरिकेतल्या सिॲटल शहरात के. वॉर्नर शाई यांनी १९५६ मध्ये सुरू केलेला अभ्यास यासाठीच प्रसिद्ध आहे. एका आरोग्य सहकारी संस्थेच्या सभासदांतून निवडलेल्या ५०० व्यक्तींपासून त्यांनी सुरुवात केली. दर सात वर्षांनी त्याच व्यक्तींची पुन्हा चाचणी घेतली आणि प्रत्येक वेळी नव्या व्यक्तीही सामील केल्या. चाचण्यांमध्ये एक संख्यांची होती: दिलेल्या बेरजा बरोबर आहेत की चूक हे ठरावीक वेळात ओळखायचे.

वेगवेगळ्या वयाच्या लोकांची एकाच वर्षी तुलना केली तेव्हा या चाचणीत वयाचा परिणाम बराच सौम्य वाटला. पण त्याच माणसाची आजची कामगिरी त्याच्याच सात, चौदा, एकवीस वर्षांपूर्वीच्या कामगिरीशी ताडून पाहिली तेव्हा उतार अधिक स्पष्ट दिसला. असे का व्हावे? कारण विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात जन्मलेल्या पिढ्या या चाचणीत सर्वांत सरस होत्या, आणि नंतरच्या पिढ्या त्यांच्यापेक्षा मागे पडत गेल्या. तर्कशक्तीच्या चाचणीत नेमके उलट, प्रत्येक नवी पिढी पुढे होती. म्हणजे हिशेबाच्या बाबतीत ज्येष्ठांचा उतार त्यांच्या पिढीच्या उंचीने झाकला जात होता. ते घसरले होते, पण मुळात अधिक उंचावरून.

गिअरी, सॉल्टहाउस आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये याची आणखी एक बाजू उजेडात आणली. चिनी विद्यार्थी आकडेमोडीत अमेरिकन विद्यार्थ्यांपेक्षा पुष्कळ पुढे असतात, हे तेव्हा सर्वमान्य होते, आणि त्याची कारणे कोणी वंशात, कोणी भाषेत शोधत असत. या संशोधकांनी दोन्ही देशांतल्या तरुणांबरोबर साठी-सत्तरीतल्या लोकांचीही परीक्षा घेतली. तरुणांमध्ये अपेक्षेप्रमाणे मोठे अंतर होते. ज्येष्ठांमध्ये मात्र दोन्ही देशांतले लोक जवळपास बरोबरीचे निघाले. अंतर जुने नव्हते. ते मधल्या काळात पडले होते. अमेरिकन शाळांतला आकडेमोडीचा सराव पिढीगणिक कमी होत गेला, असा या संशोधकांचा निष्कर्ष होता.

आपल्याकडे असा दीर्घ अभ्यास आमच्या पाहण्यात नाही, पण पिढीचा फरक डोळ्यांना दिसतो. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते. मणाचे चाळीस शेर होते. वजनमापांची दशमान पद्धतही १९५६ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्याआधीच्या मुलाला तीसपर्यंतच्या पाढ्यांखेरीज पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीही पाठ करावी लागे. औट म्हणजे साडेतीन. शेराला साडेतीन आणे भाव असेल तर अडीच शेरांचे किती? दोन औट सात, अर्ध्या शेराचे पावणेदोन, एकूण पावणेनऊ आणे. म्हणजे आठ आणे तीन पैसे. आपण हेच ३.५ गुणिले २.५ असे मांडले तर दोनदा गुणावे लागेल, हातचे सांभाळावे लागतील आणि दशांशचिन्ह कोठे द्यायचे तेही पाहावे लागेल.

येथे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. पाटीवर करायचे काम कोठारात आधीच करून ठेवलेले होते. औटकी पाठ असलेल्या माणसाला साडेतीनचा गुणाकार करावाच लागत नाही, तो आठवायचा असतो. आज पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्या व्यक्तींनी हे पाढे घोकले आहेत, त्यांची पाटी इतरांसारखीच आक्रसलेली असते. पण तिच्यावर लिहावे लागते ते कमी. ‘जुनी माणसे हिशेबाला पक्की’ या म्हणण्यात इतके तथ्य निश्चित आहे. मात्र हे श्रेय म्हातारपणाचे नाही, दहाव्या वर्षीच्या घोकंपट्टीचे आहे. आणि ज्यांना त्या काळी शाळाच मिळाली नाही, त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, त्यांच्याविषयी हे विधान करणारे सहसा बोलत नाहीत.

पावकी-निमकी पुन्हा सुरू करावी, असे आम्ही यावरून म्हणणार नाही. आण्यांबरोबर तिचे बरेचसे काम संपले. पण वीसपर्यंतचे पाढे आणि दहाच्या आतल्या बेरजा पाठ असणे ही साठ वर्षे पुरणारी शिदोरी आहे, आणि ‘समजले की झाले, पाठ कशाला’ या हल्लीच्या म्हणण्यात ही बाजू सुटून जाते, एवढे नोंदवावेसे वाटते.

मार्ग बदलण्याची लवचीकता

वयाबरोबर आणखी एक गोष्ट थोडी कमी होते, आणि तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. फ्रान्समधले पात्रिक लमेर आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ मध्ये तरुणांना आणि ज्येष्ठांना गुणाकारांचे अदमासे उत्तर काढायला सांगितले. ४२ गुणिले ६१ असेल तर दोन्ही संख्या खाली उतरवून ४० गुणिले ६० घेणे चांगले. ४७ गुणिले ६८ असेल तर दोन्ही वर चढवून ५० गुणिले ७० घेणे बरे. तरुण मंडळी उदाहरण पाहून योग्य मार्ग अधिक वेळा निवडत होती. ज्येष्ठांचा कल एकाच मार्गाला धरून राहण्याकडे अधिक होता. मार्ग बदलायलाही पाटीवर जागा लागते, हे त्याचे एक कारण असावे.

पण यावरून कोणाही ज्येष्ठाबद्दल भाकीत करू नये. डच गणनपटू विम क्लाइन यांनी १९८१ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, जपानमध्ये शंभर अंकी संख्येचे तेरावे मूळ दीड मिनिटाच्या आत मनात काढले. शकुंतलादेवींनी १९८० मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजात तेरा अंकी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत केला तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठलेली होती. पुढे १९८८ मध्ये आर्थर जेन्सन यांनी कॅलिफोर्नियात त्यांची चाचणी घेतली. दिवा लागताच बटण दाबणे अशा साध्या कामांत त्यांचा वेग सामान्य माणसाइतकाच निघाला. त्यांची झेप मेंदूच्या सर्वसाधारण वेगात नव्हती, ती संख्यांविषयीच्या प्रचंड साठ्यात आणि सरावाने अंगवळणी पडलेल्या रीतींत होती, असे मानायला यामुळे जागा आहे.

वय की आजार?

मार्शल फोल्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये स्मृतिभ्रंशाची प्राथमिक तपासणी करण्यासाठी एक छोटी प्रश्नावली तयार केली. ती जगभर वापरली जाते. तिच्यातला एक भाग असा: शंभरातून सात वजा करा, येईल त्यातून पुन्हा सात, असे पाच वेळा. ९३, ८६, ७९, ७२, ६५. वरवर साधे दिसते, पण एक सोडून प्रत्येक पायरीला हातचा आहे आणि आधीचे उत्तर धरून ठेवायचे आहे. म्हणजे ही पाटीची परीक्षा आहे. शाळेत न गेलेल्या, पण आयुष्यभर भाजी विकून संसार केलेल्या बाईंना ती विचारली तर त्या आजारी नसतानाही अडखळतील. हरियाणातल्या बल्लभगड भागात काम करणाऱ्या संशोधकांनी म्हणूनच निरक्षर ज्येष्ठांसाठी वेगळी, हिंदी प्रश्नावली बनवली आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध केली.

मग घरच्यांनी काय पाहावे? वेग कमी होणे, एखादा हातचा निसटणे, पुन्हा मोजून पाहावेसे वाटणे, आकडे कागदावर लिहून घेणे, हे वयाला धरून आहे. कागद दिला, वेळ दिला की उत्तर बरोबर येते. अल्झायमरच्या आजारात चित्र वेगळे असते. अमेरिकेत डॅनियल मार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये आर्थिक व्यवहारांची क्षमता तपासण्याची पद्धत मांडली. त्यांच्या कामातून दिसून आले की आजाराच्या सौम्य अवस्थेतही पैशाचे व्यवहार, विशेषतः गुंतागुंतीचे व्यवहार, बिघडू लागतात. वर्षानुवर्षे घराचा हिशेब लिहिणारी व्यक्ती वर्ष-दोन वर्षांत एकच बिल दोनदा भरू लागली, पासबुकातली नोंद म्हणजे काय हे तिला कळेनासे झाले, सुटे किती परत यायला हवेत याचा अदमासही येईनासा झाला, आणि कागद देऊनही ते सुधारत नाही, तर ते वय म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना दाखवावे. तुलना शेजारच्या आजोबांशी करायची नाही, त्याच व्यक्तीच्या पूर्वीच्या कामगिरीशी करायची.

वर्गासाठी एक उपक्रम

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना घरी करण्यासारखे काही सुचवतो. तीन प्रकारची प्रत्येकी पाच उदाहरणे तयार करावीत. पहिला प्रकार पाढ्यांचा: ७ गुणिले ८, ६ गुणिले ९. दुसरा प्रकार हातचा नसलेल्या बेरजांचा: ३२ आणि ४५. तिसरा हातच्याचा: ४७ आणि ३८, ६८ गुणिले ७. विद्यार्थ्याने ती आधी स्वतः सोडवावीत, मग आजी-आजोबांना, आई-वडिलांना विचारावीत. एकदा नुसती ऐकवून आणि एकदा, वेगळ्या संख्या घेऊन, मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद समोर ठेवून. वेळ मोबाइलवर मोजता येईल, पण घड्याळ समोर धरू नये.

उत्तर चुकले की ‘चूक’ एवढेच न लिहिता आलेले उत्तर लिहून घ्यावे. ४७ आणि ३८ यांचे उत्तर ७५ आले तर हातचा निसटला आहे. ८४ आले तर बहुधा सात आणि आठ यांची बेरीज चुकली आहे. ६८ गुणिले ७ याचे ४२६ आले तर हातचे पाच गेले. ४७४ आले तर सात आठे छप्पन्नऐवजी चोपन्न म्हटले गेले. वर्गात सर्वांच्या नोंदी एकत्र केल्या की पाढा चुकण्याच्या चुका कोणत्या वयोगटात अधिक आहेत आणि हातच्याच्या कोणत्या, हे फळ्यावर मांडता येईल. कागद समोर असताना कोणाच्या चुका अधिक कमी झाल्या, तेही पाहावे. अर्थात हे आकडे वय आणि पिढी यांचे मिश्रण असतील. सिॲटलसारखे त्यांना सोडवायचे तर हीच वही सात वर्षांनी पुन्हा काढावी लागेल.

विचारताना एक पथ्य पाळावे. आजोबा मध्येच थांबले तर ‘सांगू का?’ म्हणू नये. त्या वेळी ते हातचा धरून बसलेले असतात.